बरा झाला, आणि गेला



धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलाने विचारलेला प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवतो. त्याच्या घरचा कुत्रा आजारी पडला होता. घरच्यांनी औषध आणले, मुलाने रोज रात्री झोपण्यापूर्वी त्याच्यासाठी प्रार्थना केली. कुत्रा बरा झाला. चार महिन्यांनी पुन्हा आजारी पडला आणि गेला. मुलाने विचारले, "फादर, मंग देवानं आयकलं का नाही जी?"

वर्गात दोन-तीन मुले हसली. दाराशी उभे असलेले एक मोठे गृहस्थही हसले. तो मुलगा मात्र हसत नव्हता.

वरवर पाहता प्रश्न कुत्र्याचा आहे. पण कुत्र्याच्या जागी घरातले दुसरे कोणी ठेवून पाहा. नागपूरच्या दवाखान्यातून बरे करून घरी आणलेले माणूस सहा महिन्यांत जाते, तेव्हा घरातला प्रत्येक जण मनातल्या मनात हेच विचारत असतो. एवढा पैसा घातला, एवढ्या माळा जपल्या, माणूस उठून बसले, अंगणात चालू लागले, आणि मग गेलेच. मोठी माणसे हे फादरला विचारत नाहीत, इतकाच फरक. लहान मुलाने विचारले, म्हणून त्याचे आभार मानले पाहिजेत.

पण आधी त्या हसण्याविषयी थोडे बोलू.

आपल्याकडचा कुत्रा शहरातल्यासारखा गादीवर झोपणारा नाही. तो ओसरीवर नाहीतर कोठ्यात झोपतो. उरलेला भात, पेज, कधीमधी मासळीचा काटा, हे त्याचे जेवण. रोवणीच्या दिवसांत घरची माणसे बांधीत वाकलेली असतात आणि हा धुऱ्यावर बसून राखण करतो. खळ्यावर धान पडले की रात्रभर भुंकून दुसऱ्यांची झोपमोड करतो. नागझिऱ्याचे जंगल काही फार दूर नाही. जंगलकाठच्या गावांत बिबट्या आला तर पहिला बळी बहुधा कुत्र्याचाच जातो. म्हणजे त्याची आपल्याला सोय आहे, हे खरे. पण सोयीच्या वस्तूला कोणी नाव ठेवत नाही. विळ्याला, टोपल्याला आपण नाव ठेवतो का? कुत्र्याला मात्र मोती, शेरू, राजा, काळू अशी हाक मारतो आणि तो शेपटी हलवत येतो. ज्याला आपण नाव दिले आणि जो त्या नावाला ओ देतो, तो गेला तर घरात काही तरी रिकामे होणारच. त्यात हसण्यासारखे काय आहे?

पवित्र शास्त्रात एक गोष्ट आहे. दावीद राजाने मोठे पाप केले, आणि ते त्याच्या तोंडावर सांगायला देवाने नाथान संदेष्ट्याला पाठवले. राजाला सरळ कसे सांगायचे? नाथानने गोष्ट सांगितली. एका गरीब माणसाकडे एकच लहान मेंढी होती. ती त्याच्या ताटातले खाई, त्याच्या पेल्यातले पाणी पिई, त्याच्या कुशीत झोपे. ती त्याला मुलीसारखी होती. शेजारच्या श्रीमंताकडे पाहुणा आला, तेव्हा आपल्या कळपाला हात न लावता त्याने त्या गरिबाची मेंढी ओढून नेली आणि कापली. हे ऐकून दावीद संतापाने पेटला. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय आज घरी काढून वाचा.

या गोष्टीचा अर्थ आपण नेहमी दाविदाच्या पापाच्या अंगाने लावतो, आणि ते बरोबरच आहे. पण नाथानचा बाण लागला कशामुळे, याचाही विचार करा. गरीब माणसाला ती मेंढी मुलीसारखी होती, या वाक्यावर दावीद हसला नाही. तो स्वतः मेंढपाळाचा मुलगा होता. एक मेंढी ती काय, दुसरी घेऊन देऊ, असे त्याच्या मनात आले असते तर गोष्ट तिथेच फसली असती. मुक्या जनावरावरचा जीव खरा असतो, हे नाथानने गृहीत धरले, राजाने गृहीत धरले, आणि ज्यांनी ती गोष्ट लिहून ठेवली त्यांनीही. मग आपण कोण हसणारे?

आमच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना प्राण्यांच्या आत्म्याचा विषय येत असे. सतराव्या शतकातला फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने जनावराचे शरीर यंत्रासारखे मानले, घड्याळासारखे. त्याच्यामागून आलेल्यांपैकी काहींनी ही कल्पना इतकी ताणली की कुत्र्याचे विव्हळणे म्हणजे चाकाचे कुरकुरणे असे त्यांना वाटू लागले. ज्याने कधी कुत्रा पाळला नाही त्यालाच हे सुचू शकते, असे मला तेव्हाही वाटे. त्याच्या चारशे वर्षे आधीचे संत थॉमस अक्वायनस यांचे म्हणणे अधिक शहाणपणाचे होते. त्यांच्या मते झाडाला जीव आहे तो वाढीचा; जनावराला त्याहून अधिक आहे, त्याला संवेदना आहे, स्मरण आहे, भीती, राग, आनंद आहे; आणि माणसाला या सगळ्यावर बुद्धीचा, अमर असा आत्मा आहे. जनावराचा आत्मा मात्र त्याच्या शरीराबरोबरच संपतो, असे ते म्हणतात. या शेवटच्या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे. सध्या एवढेच लक्षात घ्या की ख्रिस्तसभेच्या सर्वांत मोठ्या पंडिताने कुत्र्याच्या दुःखाला दुःखच म्हटले आहे.

आता एका कुत्र्याची हकीगत सांगतो. तो आपल्या भागातला नव्हता, मुंबईचा होता. पण त्या मुलाच्या प्रश्नाला याहून जवळचा दाखला मला माहीत नाही.

सीझर हा मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला लॅब्रॅडॉर जातीचा कुत्रा. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांनी टाकून दिलेले हातबॉम्ब त्याने हुंगून शोधले. पुढे नरिमन हाऊसच्या तपासणीतही तो होता. मॅक्स, सुलतान आणि टायगर हे त्याचे तीन सोबतीही त्या दिवसांत कामावर होते. चौघेही म्हातारे झाल्यावर निवृत्त झाले आणि विरारच्या एका शेतघरात, प्राण्यांवर माया करणाऱ्या एका कुटुंबाकडे एकत्र राहू लागले.

मग २०१६ साल आले. एप्रिलमध्ये मॅक्स गेला. जूनमध्ये सुलतान गेला. जुलैमध्ये टायगर गेला. चौघांतला एकटा सीझर उरला. टायगर गेल्यानंतर तो खचला, आजारी पडला, त्याला ताप आला, आणि परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात त्याला दाखल करावे लागले. सोबती गेल्यापासून तो उदास आहे, असे त्याची काळजी घेणाऱ्यांनी तेव्हा वर्तमानपत्रांना सांगितले होते. कुत्र्याच्या मनात शिरून पाहणे कोणाला शक्य नाही; म्हणून त्याला नेमके काय वाटत होते हे मी सांगणार नाही. पण दोन कुत्रे एकत्र वाढलेल्या घरात एक गेला की दुसरा जेवण टाकतो, दाराकडे पाहत बसतो, माणसाच्या पायाशी अधिक घुटमळतो, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

सीझर उपचारांनी बरा झाला. विरारला परत गेला. आणि १३ ऑक्टोबर २०१६ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने गेला. त्याचे वय अकराच्या आसपास होते. त्याला तिरंग्यात लपेटून निरोप देण्यात आला.

म्हणजे दवाखान्यातून सुटल्यावर त्याला मिळाले ते जेमतेम काही आठवडे. आता हिशेब मांडणारा म्हणेल, एवढ्यासाठी एवढी धावपळ कशाला केली? म्हातारा कुत्रा, तीन सोबती गेलेले. आज नाही तर उद्या जाणारच होता.

या हिशेबाला शुभवर्तमानात उत्तर आहे, पण ते उघड लिहिलेले नाही. बेथानीचा लाजर चार दिवस कबरीत होता, प्रभूने त्याला बाहेर बोलावले. याईराची बारा वर्षांची मुलगी उठून बसली. नाईन गावच्या विधवेचा मुलगा तिरडीवर उठून बोलू लागला. या तिघांचे पुढे काय झाले? तिघेही पुन्हा मरण पावले. लाजरची दुसरी अंत्ययात्रा निघाली असेल, मार्था आणि मरिया तेव्हा असतील तर दुसऱ्यांदा रडल्या असतील, आणि त्या वेळी कबरीच्या तोंडाशी येऊन हाक मारणारे कोणी नव्हते. प्रभूने ज्याला ज्याला बरे केले, तो आंधळा, तो कुष्ठरोगी, पेत्राची सासू, ते सगळे पुढे कशाने ना कशाने गेले. यावरून कोणी म्हणेल का की प्रभूचे चमत्कार वाया गेले?

बरे होणे म्हणजे मरण रद्द होणे नव्हे. आपण प्रार्थना करताना मनात तेच धरतो, हे आपले चुकते. बरे होणे म्हणजे परत येणे, आणि परत येणे नेहमी काही काळासाठीच असते. याईराची मुलगी उठल्यावर प्रभूने काय सांगितले ते आठवा. हिला काही तरी खायला द्या, असे सांगितले! एवढा मोठा चमत्कार, आणि त्याच्या शेवटी सूचना कसली, तर जेवणाची. लाजरचेही तसेच. वल्हांडणाच्या सहा दिवस आधी बेथानीत जेवण झाले. मार्था वाढत होती आणि लाजर पंगतीला बसलेला होता, असे संत योहान सांगतो. लाजर मेलेल्यांच्या जगाबद्दल काय बोलला, याचा एक शब्दही त्याने लिहिलेला नाही. त्याने लिहिले ते एवढेच, की तो जेवायला बसला होता. ज्या घरातले आजारी माणूस पुन्हा ताटावर बसले आहे, त्या घराला हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही.

तेव्हा त्या मुलाला मी जे सांगितले ते असे: तुझ्या कुत्र्याला चार महिने मिळाले आणि तुलाही चार महिने मिळाले. त्या चार महिन्यांत तो काय काय करायचा, ते मला सांग. मुलगा बराच वेळ सांगत होता. शाळा सुटायच्या वेळेला तो फाट्यापर्यंत येऊन बसायचा, आजारानंतर मागचा एक पाय ओढत चालायचा, तरी यायचा. घरच्या कोंबड्यांना तो कधी त्रास देत नसे, शेजारच्यांना मात्र पिटाळायचा. देवाने ऐकले का, या प्रश्नाचे उत्तर मला द्यावे लागले नाही. ते त्याच्याच तोंडून आले होते, असे मला वाटते. त्याला तसे वाटले का, ते मी विचारले नाही.

जुन्या करारात हिज्कीया राजाची कथा आहे. तो मरणाला टेकला असता रडून प्रार्थना करतो आणि देव त्याला आणखी पंधरा वर्षे देतो. यात मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, प्रार्थना ऐकली गेली तरी यशया संदेष्टा त्याच्या गळवावर अंजिराची ढेप बांधायला सांगतो. म्हणजे औषध चुकत नाही. दुसरी, मिळालेल्या त्या आयुष्यात बाबेलचे दूत भेटीला येतात, तेव्हा हिज्कीया काय करतो, तर त्यांना आपले खजिने दाखवत बसतो. मिळालेला काळ कसा घालवू नये, याचा हा धडा आहे. आपल्या सर्वांनाच अशी काही वर्षे मिळालेली आहेत. फक्त आकडा सांगितलेला नाही.

औषधाचा विषय निघालाच आहे तर थोडे व्यवहाराचे बोलतो, कारण प्रार्थनेच्या नावाखाली दुर्लक्ष झालेले देवाला आवडत नाही. कुत्र्याच्या लहान पिलांना पार्व्हो नावाचा रोग होतो. त्याचे विषाणू आतड्याच्या आतल्या थराला खातात. पिलू जेवण टाकते, ओकते, रक्ताची हगवण लागते, आणि अंगातले पाणी संपल्यामुळे दोन-चार दिवसांत मरते. विषाणूवर थेट औषध नाही. सलाईन देऊन, ओकारी थांबवून, दुसरा संसर्ग होऊ न देता त्याला त्या दिवसांतून पार करावे लागते. वेळेवर नेले तर पुष्कळ पिले वाचतात. पण पिलू दीड-दोन महिन्यांचे झाल्यापासून लस टोचली तर ही वेळ बहुधा येतच नाही, आणि एका सुईवर भागत नाही, पुढच्या सुयाही लागतात. मोठ्या कुत्र्यांना गोचिडांमुळे ताप येतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येते. त्यावर गोळ्या आहेत, पण त्या सुमारे चार आठवडे द्याव्या लागतात. आठ दिवसांत कुत्रा उड्या मारू लागला म्हणून गोळ्या बंद केल्या की रोग परततो. आपल्या घरातली तापाची किंवा अंगदुखीची गोळी कुत्र्याला देऊ नका. ती त्याच्या यकृताला, जठराला, मूत्रपिंडांना इजा करू शकते. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींची रांग असते, आणि कुत्रा घेऊन तिथे उभे राहायला माणूस लाजतो. लाजू नये.

आता पैशाचे. हा प्रश्न अवघड आहे, आणि मोठ्या शहरांतल्या लोकांपेक्षा आपल्याला अधिक अवघड आहे. उद्योगपती रतन टाटा यांना फेब्रुवारी २०१८ मध्ये लंडनच्या राजवाड्यात युवराज चार्ल्स यांच्या हस्ते सन्मान मिळायचा होता. त्यांचा कुत्रा आजारी पडला आणि ते गेलेच नाहीत, अशी हकीगत त्यांचे स्नेही सुहेल सेठ यांनी सांगितली आहे. पुढे २०२४ मध्ये मुंबईत महालक्ष्मी येथे टाटा विश्वस्त संस्थेचे प्राण्यांचे मोठे रुग्णालय सुरू झाले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये टाटा वारले. हकीगत सुंदर आहे. पण सानगडीच्या शेतमजुराने ती वाचून काय करावे? नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय इथून शंभर किलोमीटरच्या वर आहे. गाडीभाडे, औषधे, बुडालेली मजुरी, आणि घरात मुलीची फी भरायची आहे.

कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथ इथे दोन गोष्टी एकाच दमात सांगतो. जनावरांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. आणि जो पैसा आधी माणसांचे दुःख हलके करायला हवा, तो जनावरांवर उधळणेही शोभत नाही. जनावरांवर प्रेम करावे, पण माणसाला द्यायचे प्रेम त्यांच्याकडे वळवू नये. काही जणांना हे कोरडे वाटेल. मला ते गरिबाच्या बाजूचे वाटते. मुलीची फी भरली आणि कुत्र्याला नागपूरला नेता आले नाही, म्हणून ज्याचे मन त्याला खाते आहे, त्याला ख्रिस्तसभा सांगते आहे की तू पाप केलेले नाहीस. कुत्र्यासाठी व्याजाने पैसे काढणाऱ्याला मी स्वतः थांबवीन.

मात्र ज्याला पैसे लागत नाहीत ते देणे आपण लागतोच. सावलीत जागा, स्वच्छ पाणी, अंगावरच्या माश्या हाकलणे, घाण झालेले पोते बदलणे, आणि जवळ बसणे. यातले काहीच महाग नाही. याउलट आजारी किंवा म्हातारा झालेला कुत्रा पोत्यात घालून दूर जंगलाकडे किंवा महामार्गाच्या पलीकडे सोडून येणारेही आहेत. त्यांच्याकडे पैसे नव्हते म्हणून त्यांनी तसे केले, हे मला पटत नाही. त्या जिवाने आपला सगळा भरवसा एका घरावर टाकला होता. त्याला दुसरे घर माहीत नव्हते. त्याला त्याच्या शेवटच्या आठवड्यात अनोळखी रस्त्यावर सोडणे याला मी पापच म्हणतो, आणि कबुलीत ते सांगायला कोणी संकोच करू नये.

आजार बरा होण्यासारखा नसेल, वेदना थांबत नसतील, तर डॉक्टर इंजेक्शन देऊन त्याला शांतपणे मरण देऊ शकतात. हे चालते का, असे विचारले जाते. माणसाच्या बाबतीत ख्रिस्तसभा याला ठाम नकार देते. माणसाचे जीवन आपल्या हातात नाही. जनावराच्या बाबतीत तशी बंदी नाही. विनाकारण यातना होऊ देऊ नयेत, ही आज्ञाच उलट तिकडे बोट दाखवते. पण निर्णय घेताना एक गोष्ट स्वतःला खरी खरी विचारावी: थकले आहे कोण, तो की मी? आणि निर्णय घेतलाच तर त्या वेळी त्याच्याजवळ थांबावे. मालकाने बाहेर उभे राहावे आणि कुत्र्याने परक्या हातांत जावे, हे बरे नव्हे.

एक अपवाद आहे, तो नीट वाचा. कुत्रा एकाएकी वेगळा वागू लागला, लाळ गळू लागली, गिळता येईना, कोणालाही चावू लागला, तर तिथे मायेने जवळ जायचे नाही. पिसाळण्याच्या रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर त्यातून जवळजवळ कोणीच बरे होत नाही, कुत्रा नाही आणि माणूसही नाही. मुलांना दूर ठेवा, डॉक्टरांना कळवा. चावा किंवा ओरखडा लागला तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात लस घ्या. हळद, मिरची, चुना भरत बसू नका.

आता तो राहिलेला मुद्दा. मेलेला कुत्रा स्वर्गात जातो का?

२०१४ च्या अखेरीस जगभरच्या वर्तमानपत्रांत एक बातमी आली होती. कुत्रा गेलेल्या एका मुलाला पोप फ्रान्सिस यांनी स्वर्गाचे दार सगळ्या प्राण्यांना उघडे आहे असे सांगितले, अशी ती बातमी. पुष्कळांना आनंद झाला. पण पोप महोदय असे बोललेच नव्हते, हे नंतर उघड झाले, आणि काही मोठ्या वर्तमानपत्रांना दुरुस्ती छापावी लागली. त्यांनी जे खरोखर लिहिले ते २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात आहे: अनंतकाळच्या जीवनात प्रत्येक प्राणिमात्राला, उजळून निघालेल्या रूपात, स्वतःची जागा असेल. आणि त्यांच्या कितीतरी आधी संत पौलाने रोमकरांना लिहिले होते की सारी सृष्टी प्रसववेदनांनी कण्हत आहे आणि तिलाही सुटकेची आशा आहे. पौलाने कण्हणाऱ्यांच्या यादीतून कुत्र्याला वगळलेले नाही.

म्हणून संत थॉमस यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवूनही मी मुलांना "तुझा कुत्रा संपला" असे सांगत नाही. "तो स्वर्गात तुझी वाट पाहतो आहे" असेही सांगत नाही, कारण ते मला प्रकट झालेले नाही. देवाने जे निर्माण केले ते त्याला आवडले होते, उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात तसे लिहिले आहे, आणि त्याला जे आवडले ते तो विसरत नाही, एवढे सांगतो. मोठी माणसे याला पळवाट म्हणतात. मुले सहसा तसे म्हणत नाहीत.

ज्यांच्या घरात कुत्रा गेला आहे त्यांच्याकडे पाहताना म्हाताऱ्यांना विसरू नका. मुले पुण्याला नाहीतर नागपूरला कामाला, घरात एकटी आजी, आणि तिच्या काठीचा आवाज ओळखणारे गावात एकच होते. तो गेल्यावर तिला "दुसरे पिलू आणून देऊ" असे पहिल्याच दिवशी म्हणू नये. तिच्याकडे जावे, चहा घ्यावा, आणि ती त्याच्याबद्दल बोलली तर विषय बदलू नये.

तोबीतच्या पुस्तकात एक कुत्रा आहे, हे किती जणांच्या लक्षात आले आहे? आपल्या कॅथोलिक बायबलमध्ये हे पुस्तक आहे, आवर्जून वाचा. तरुण तोबियास राफाएल देवदूताबरोबर लांबच्या प्रवासाला निघतो, आणि त्यांच्याबरोबर कुत्राही निघतो. तो कुत्रा पूर्ण पुस्तकात काहीही करत नाही. चोराला पकडत नाही, रस्ता दाखवत नाही, कोणाचा जीव वाचवत नाही. जाताना बरोबर जातो आणि परत येताना मागोमाग येतो, एवढेच दोनदा लिहिले आहे. त्याचे नाव नाही. देवदूत बरोबर असताना कुत्र्याची काय गरज होती? तरी लिहिणाऱ्याने त्याला वगळले नाही. संत रोक यांच्या मूर्तीजवळचा भाकर आणणारा कुत्रा किंवा नामदेवांनी जिच्यामागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतली ती भाकर पळवणारा कुत्रा, यांच्या गोष्टी लोकांना अधिक आवडतात, कारण त्यांत काही तरी घडते. मला तोबियासचा कुत्रा जवळचा वाटतो.

शेवटी पुरण्याविषयी, कारण हेही विचारले जाते. क्रूस लावू नये. क्रूस हे बाप्तिस्मा झालेल्यांच्या पुनरुत्थानाच्या आशेचे चिन्ह आहे. प्रार्थना करायला हरकत नाही. देवाचे आभार मानावेत आणि मुलांना बोलू द्यावे. दगड ठेवला तरी चालेल, पण त्यावरून भांडू नये. रायगडावर वाघ्या कुत्र्याचे स्मारक १९३६ मध्ये उभे राहिले, २०१२ मध्ये त्याचा पुतळा रातोरात हलवला गेला आणि पुन्हा बसवला गेला, २०२५ मध्ये तो काढण्याची मागणी पुन्हा झाली. कुत्र्याच्या दगडावरून माणसे किती काळ भांडू शकतात याला काही अंतच नाही. आपल्या सांदवाडीत एखादे आंब्याचे रोप लावले तर बरे. खड्डा विहिरीपासून आणि बोडीपासून लांब काढा, निदान तीन-चार फूट खोल. वर जड दगड रचा, नाहीतर रात्री कोल्हे उकरतात. पार्व्होने गेलेला असेल तर त्याची जागा, भांडे, पोते यांत तो विषाणू कित्येक महिने, कधी वर्षभरही टिकतो. पोते जाळून टाका, भांडे ब्लीचिंगच्या पाण्याने धुवा, आणि नवे पिलू आणायचे ते लसी पूर्ण झालेलेच आणा.